गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला, आता काय पाहायचे?

४० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त ६,३८०. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा जास्त होण्यासाठी जवळजवळ बारा वर्षे जावी लागतात. पूर्ण २० वर्षे नुसते हप्ते भरत राहिलात तर ४० लाखांवर साधारण ४३ लाख ३१ हजार रुपये व्याज जाते.

यात बँकेने काही लबाडी केलेली नसते, घटत्या मुद्दलावरच्या व्याजाचे गणितच असे चालते. पण ते समजले की एक गोष्ट लक्षात येते: सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत कर्जाकडे जितके लक्ष द्याल, तितके पैसे वाचतील. बहुतेक घरांत होते उलटे. कर्ज मंजूर होईपर्यंत सगळे घर धावपळ करते आणि एकदा खात्यातून हप्ता आपोआप कापला जाऊ लागला की कोणी त्याकडे बघत नाही.

दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट काढा

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार बदलत्या व्याजदराच्या कर्जात बँकेने प्रत्येक तिमाहीला चार गोष्टी कळवायच्या असतात: आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर. हे स्टेटमेंट बँकेच्या अ‍ॅपमध्ये मिळते. ते काढा आणि आधीच्या तिमाहीच्या शेजारी ठेवा.

पहिले बघायचे ते उरलेले हप्ते. तीन महिन्यांत तीन हप्ते कमी झाले पाहिजेत. दोनच कमी झाले असतील किंवा आकडा वाढला असेल तर व्याजदर वाढून मुदत लांबली आहे.

दुसरे, व्याज स्वतः पडताळा. बाकी मुद्दल गुणिले व्याजदर भागिले १२००. बाकी ३९,२०,३९० असेल आणि दर साडेआठ असेल तर महिन्याचे व्याज २७,७६९ रुपये. बँक रोजच्या बाकीवर व्याज धरत असेल तर महिन्याच्या दिवसांप्रमाणे चारशे-पाचशे रुपयांचा फरक पडू शकतो, फेब्रुवारीत तो दोन हजारांच्या वर जातो. पण फरक सातत्याने एकाच बाजूला येत असेल तर लेखी विचारा.

तिसरे, दंडाचे रकाने. हप्ता चुकला तर बँक दंड लावू शकते, मात्र तो आता ‘दंड आकार’ म्हणून वेगळा दाखवावा लागतो. जादा व्याजदर म्हणून तो लावता येत नाही आणि मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याजही घेता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत त्यात आणायची होती.

दर बदलला की हप्ता की मुदत?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेली असतात, बहुतेक वेळा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला. रेपोवर बँक आपला ‘स्प्रेड’ लावते. रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.७५ असेल तर तुमचा दर ८ टक्के. निदान तीन महिन्यांतून एकदा हा दर नव्याने ठरवावा लागतो. म्हणून रेपो कमी झाल्याची बातमी आली तरी लगेच पुढच्या हप्त्यात फरक दिसेलच असे नाही. तुमची रिसेटची तारीख कोणती ते मंजुरीपत्रात पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा स्वतः ठरवलेला मूळ दर, म्हणजे प्राइम लेंडिंग रेट असतो आणि त्यातून वजावट देऊन तुमचा दर ठरतो. नव्या ग्राहकाला मोठी वजावट मिळते आणि जुना ग्राहक जुन्याच वजावटीवर राहतो. त्यामुळे कंपनीचे कर्ज असेल तर दर वर्षी आजच्या नव्या ग्राहकाचा दर विचारलाच पाहिजे.

दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. ते सोयीचे वाटते, कारण घरखर्चाला धक्का बसत नाही. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा काय झाले ते पाहा. साडेसहा टक्क्यांनी ४० लाख घेतलेल्याचा २० वर्षांचा हप्ता होता २९,८२३ रुपये. दर नऊ टक्के झाल्यावर ४० लाखांचे एका महिन्याचे व्याजच ३०,००० होते. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही व्याज भागत नाही, मुद्दल फिटणे दूरच. अशा ठिकाणी मुदत कितीही वाढवली तरी कर्ज संपत नाही, हप्ता वाढवावाच लागतो.

दर वाढताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे, पण स्थिर दरावर जाण्याचा पर्याय देणे १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेच्या मर्जीवर आहे. परवडत असेल तर हप्ताच वाढवा. हप्ता वाढल्यावर जुन्या ई-मँडेटची (खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेल्या परवानगीची) कमाल मर्यादा पुरते का, तेही बघा. मर्यादा कमी पडली तर हप्ता परत जातो आणि खात्यात पैसे असूनही हप्ता चुकल्याची नोंद होते.

दर उतरतो तेव्हा मात्र उलट करा. २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. आधीच्या वाढीत तुमची मुदत लांबली असेल तर हप्ता तसाच राहू द्या, मुदत आपोआप मागे येईल. काही बँका दर उतरल्यावर हप्ताच कमी करतात, तिथे ‘हप्ता पूर्वीइतकाच ठेवून मुदत कमी करावी’ असा अर्ज द्यावा लागतो.

त्याच बँकेत दर कमी करून घेणे

बँक बदलण्याआधी हे करून पाहा, कष्ट कमी आणि फायदा बराच. शाखेत किंवा ईमेलवर विचारायचे: आज माझ्यासारख्या नव्या ग्राहकाला दर काय, माझा काय, आणि त्या दरावर यायची फी किती. जुने कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँक स्वतः ठरवते त्या जुन्या पद्धतीच्या दरांवर) अडकलेले असेल तर ते रेपोवर आणायला सांगा.

३५ लाख बाकी असताना अर्धा टक्का कमी झाला तर पहिल्याच वर्षी सुमारे १७,५०० रुपये व्याज वाचते. फी ५,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ५,९००. चार महिन्यांत वसूल. फी वसूल व्हायला एक वर्षाहून जास्त लागत असेल आणि कर्ज दोन-तीन वर्षांतच संपवणार असाल तर सोडून द्या.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना होणारी मोठी चूक

बॅलन्स ट्रान्सफरच्या जाहिरातीत ‘हप्ता कमी’ असे ठळक लिहिलेले असते. तो हप्ता दरामुळे कमी झाला आहे की मुदत पुन्हा वीस वर्षांवर नेल्यामुळे, हे तपासा.

वरचेच कर्ज घेऊ. एक वर्ष झाले, बाकी ३९,२०,३९० रुपये, उरलेले हप्ते २२८. दुसरी बँक आठ टक्क्यांनी देते आहे. तिने पुन्हा २० वर्षांची मुदत लावली तर हप्ता ३२,७९२ होतो, महिन्याला १,९२१ रुपयांनी कमी. पण २४० हप्त्यांत भरायचे सुमारे ७८ लाख ७० हजार, आणि जुन्याच बँकेत राहिलात तर २२८ हप्त्यांत ७९ लाख १५ हजार. एवढ्या खटाटोपातून वाचले जेमतेम ४५ हजार. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचे मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयाला देण्याचा) खर्च यात ते बहुतेक संपून जातात.

तेच आठ टक्क्यांवर जुना ३४,७१३ चाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज २११ हप्त्यांत संपते आणि सहा लाखांच्या वर वाचतात. तेव्हा नव्या बँकेला मुदत तुम्ही सांगा, तिची छापील मुदत घेऊ नका.

प्रक्रिया साधारण अशी असते. जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र), ताब्यातल्या कागदपत्रांची यादी आणि वर्षभराचे स्टेटमेंट घ्यायचे. नवी बँक मंजुरी देऊन जुन्या बँकेच्या नावे रक्कम काढते. मूळ कागद जुन्या बँकेतून नव्या बँकेत जातात. या मधल्या काळात दोन्हीकडे व्याज चालू राहू शकते, म्हणून फोरक्लोजर लेटरवरची वैधतेची तारीख आणि रोजचे व्याज पाहून रक्कम काढण्याचा दिवस ठरवा. आणि जुन्या बँकेचे ई-मँडेट लेखी बंद करून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथूनही हप्ता कापला जातो आणि परत मिळायला आठवडे जातात.

जादा पैसे भरण्याआधी

बोनस आला, एफडी मोडली, गावाकडच्या जमिनीचे पैसे मिळाले, की सगळे कर्जात टाकावेसे वाटतात. थांबा. कर्जात टाकलेला पैसा अडचणीत परत काढता येत नाही.

आधी सहा महिन्यांचा राखीव निधी बाजूला ठेवा. हप्ता ३४,७१३, घरखर्च ३०,०००, सोसायटीचे ४,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ६९,०००. सहा महिन्यांचे ४ लाख १२ हजार. हे बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा एफडीत. त्यानंतर क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्ज, कारण त्यांचा दर गृहकर्जाहून बराच जास्त असतो. हे सगळे झाल्यावर गृहकर्ज.

एफडीत ठेवू की कर्जात भरू, हा प्रश्न नेहमी येतो. सात टक्क्यांची एफडी तीस टक्क्यांच्या करपायरीत, उपकर धरून, ४.८ टक्क्यांवर येते. कर्जात भरलेला रुपया साडेआठ टक्के वाचवतो. राखीव निधी सोडून एफडीत पडून राहिलेल्या पैशाला कर्ज हेच उत्तम ठिकाण आहे.

वेळेचा फरक किती पडतो ते पाहा. एका वर्षानंतर २ लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला तर सुमारे २६ हप्ते कमी होतात आणि व्याजाचे ७ लाखांहून थोडे जास्त वाचतात. तेच २ लाख बारा वर्षे झाल्यावर भरले तर ११ हप्ते कमी होतात, वाचतात १ लाख ८० हजार. आणि एका वर्षानंतर भरून मुदतीऐवजी हप्ता कमी करून घेतला तर हप्ता ३२,९४२ होतो, पण पूर्ण मुदतीत व्याज वाचते फक्त २ लाख ४ हजार. म्हणून मुदत कमी करणे हाच पर्याय. अपवाद एकच: नोकरी डळमळीत आहे किंवा घरात एकच कमावते माणूस आहे. तिथे कमी हप्ता म्हणजे मोकळा श्वास, आणि तो जास्त मोलाचा आहे.

बदलत्या दराच्या, वैयक्तिक नावावरच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरण्यावर दंड लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात लागू शकतो, तिथे करार वाचा.

पैसे भरण्याची रीतही महत्त्वाची आहे. कर्ज खात्यावर नुसते एनईएफटी केले की काही ठिकाणी ती रक्कम ‘अ‍ॅडव्हान्स हप्ता’ म्हणून जमा होते. मग पुढचे काही हप्ते त्यातून वळते होतात आणि मुद्दल जादा फिटतच नाही. हे फार घडते. अ‍ॅपमध्ये ‘पार्ट पेमेंट’ किंवा ‘प्रीपेमेंट’ असा वेगळा पर्याय असेल तर तोच वापरा. नसेल तर शाखेत अर्ज द्या: ‘ही रक्कम मुद्दलात वर्ग करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ पोच घ्या. काही बँका किमान एक-दोन हप्त्यांइतकी रक्कम असल्याशिवाय पार्ट पेमेंट घेत नाहीत, ते आधी विचारा. पंधरा दिवसांनी नवीन परतफेड तक्ता काढा आणि उरलेले हप्ते खरोखर कमी झालेत का पाहा. मासिक बाकीवर व्याज धरणाऱ्यांकडे हप्त्याच्या तारखेआधी पाच-सहा दिवस भरा. तारीख उलटली तर त्या महिन्याचा फायदा जातो.

ज्यांचा पैसा येतो-जातो, म्हणजे दुकानदार, ठेकेदार, डॉक्टर, त्यांना ओव्हरड्राफ्ट प्रकारचे गृहकर्ज जास्त सोयीचे. जादा रक्कम खात्यात ठेवली की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागली की काढताही येते. दर थोडा जास्त असतो, म्हणून ज्याच्या खात्यात पैसा उरतच नाही अशा पगारदाराने या कर्जाच्या मागे लागू नये.

कर आणि विमा, थोडक्यात

नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या प्रणालीत व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर इतर बचतीसह दीड लाखापर्यंत. नवरा-बायको दोघेही घराचे सहमालक आणि कर्जाचे सहकर्जदार असतील तर दोघांनाही स्वतंत्र वजावट मिळते, दोन्हींपैकी एकच असेल तर मिळत नाही. ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाअखेरपासून पाच वर्षांत घर विकले तर मुद्दलावर घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरली जाते. केवळ करासाठी कर्ज लांबवत बसू नका. जुन्या प्रणालीतही रुपया व्याज देऊन तुमच्या करपायरीइतकेच पैसे परत येतात.

कर्जासोबत गळ्यात पडलेल्या विम्याचा हप्ता एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिळवला जातो, म्हणजे त्यावरही वीस वर्षे व्याज. कायद्याने असा विमा सक्तीचा नाही. कर्जाएवढा साधा टर्म विमा बाहेरून घेतला तर बहुधा स्वस्त पडतो आणि कर्ज दुसरीकडे नेले तरी तो चालू राहतो. वास्तूचा विमा मात्र अवश्य घ्या. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव धरू नका, बांधकामाचा खर्च धरा. ७०० चौरस फूट बिल्टअप आणि २,५०० रुपये दर असेल तर १७ लाख ५० हजार. घरातल्या वस्तूंना त्याच्या २० टक्के, म्हणजे साडेतीन लाखांचे संरक्षण, १० लाखांच्या मर्यादेत, आपोआप मिळते. दागिने त्यात धरू नका.

हप्त्याशिवायचा घराचा खर्च

हप्ता बसतो म्हणून घर घेतले आणि वर्षाच्या खर्चाने गळपटले, असे बऱ्याच कुटुंबांचे होते.

सोसायटीचे बिल वाचायला शिका. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे, मग घर एक बेडरूमचे असो की तीन. यावर दर वार्षिक सभेत वाद होतो, पण नियम हाच आहे. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यांवर. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान पाव टक्का. वरच्या १७ लाख ५० हजारांच्या घराला दुरुस्ती निधी महिन्याला सुमारे १,०९४ आणि सिंकिंग फंड ३६५. बिलात याहून कमी दिसत असेल तर आनंद मानू नका, पंधरा वर्षांनी गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा लिफ्ट बदलायची वेळ आली की लाखाची वर्गणी एकदम मागितली जाते. घर भाड्याने दिले असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालची असेल तर हिशेब वेगळा: तिथे खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो.

मिळकतकराची वेळ पाळा. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. नवीन घर घेतल्यावर हा अर्ज राहून जातो आणि पूर्ण बिल येत राहते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे.

करायचे असे: मिळकतकर, घरविमा, टर्म विम्याचा हप्ता, पाण्याची टाकी, रंग आणि प्लंबिंगची तजवीज, सगळ्यांची वर्षाची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढ्याची रिकरिंग ठेव सुरू करा. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कापली जाऊ द्या. हप्त्याची तारीखही पगारानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्या.

हप्ता भरणे अवघड झाले तर

हप्ता परत जाण्याआधी बँकेत जा, नंतर नव्हे. मुदत वाढवून हप्ता कमी करणे सुरुवातीला सहज होते. ९० दिवस थकले की खाते एनपीए (थकीत, अनुत्पादित) होते, त्यानंतर सरफेसी, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्याच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि बोलणीची जागा फार आक्रसते. अशा वेळी एका कर्जासाठी दुसरे वैयक्तिक कर्ज काढू नका. त्यापेक्षा सोने गहाण ठेवणे किंवा घर भाड्याने देऊन स्वतः लहान जागेत जाणे बरे.

शेवटचा हप्ता भरल्यावर

इथे बहुतेक जण पेढे वाटून मोकळे होतात आणि पुढची कामे अर्धवट राहतात. ती दहा वर्षांनी घर विकताना आडवी येतात.

कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत द्यायची असतात आणि नोंदवलेला बोजाही काढायचा असतो. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या या नियमानुसार बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला मिळवून देणे आणि त्याचा खर्च बँकेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. कागद ज्या शाखेत कर्ज होते तिथून घ्यायचे की ते उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कार्यालयातून, हे तुम्ही निवडायचे.

कागद घ्यायला जाताना कर्ज घेतानाची यादी सोबत न्या. काउंटरवर बसून एकेक पान मोजा: नोंदणीकृत मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, आधीच्या मालकांच्या खरेदीखतांची साखळी, मूळ भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सोसायटी आणि बिल्डरची एनओसी. करारनाम्याच्या प्रत्येक पानावर नोंदणी कार्यालयाचा दस्त क्रमांक आणि पृष्ठ क्रमांक असतो, तो सलग आहे का पाहा. मधले एखादे पान गहाळ असल्याचे नंतर कळले तर सिद्ध करणे कठीण. सगळे मिळाल्याशिवाय ‘सर्व कागद मिळाले’ या पावतीवर सही करू नका. सुरक्षा म्हणून दिलेले कोरे चेक परत मागा. विमा पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर ती आपल्या नावे परत करून घ्या.

त्यानंतर चार ठिकाणची नोंद पुसायची. पहिले, बँकेचे नो ड्यूज पत्र सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातला बोजा काढायचा आणि लेखी पोच घ्यायची. दुसरे, सेरसायच्या (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) पोर्टलवर बँकेने बोजा संपल्याची नोंद केली का, हे शोध घेऊन पाहायचे. तिसरे, नोंदणीकृत गहाणखत झाले असेल तर बोजामुक्तीचा दस्तही नोंदवायचा. बंगला किंवा प्लॉट असेल आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर बँकेचे नाव चढले असेल तर नो ड्यूज पत्र जोडून ते कमी करायचा अर्ज द्यायचा. सातबाऱ्यासाठी हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून नाव खरोखर गेले का, डोळ्यांनी पाहा. चौथे, दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून खाते ‘बंद’ आणि बाकी शून्य दिसते का बघायचे.

बँक दाद देत नसेल तर तिच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते, मदतीचा क्रमांक १४४४८. गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर. कागद परत द्यायला उशीर झाला असेल तर तक्रारीत कर्ज फिटल्याची तारीख, कागद मिळाल्याची तारीख, मधले दिवस आणि गुणिले ५,००० असा हिशेब मांडूनच लिहा.

घरी आणलेल्या कागदांचे रंगीत स्कॅन काढून दोन ठिकाणी ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, शाई आणि शिक्के खराब होतात आणि पुढे नोंदणी कार्यालयात किंवा दुसऱ्या बँकेत तपासणीला अडचण येते. सोसायटीत नॉमिनीची नोंद झाली नसेल तर नामनिर्देशनाचा अर्ज याच फेरीत तीन प्रतींत देऊन टाका, एक प्रत शिक्का मारून परत घ्या आणि ती भाग प्रमाणपत्राच्या पाकिटातच ठेवा.